धूर मोजणारी माणसे

‘चिमणी’ या एका शब्दाने मराठीत तीन घरे केली आहेत. पहिली चिमणी अंगणातली, दाणे टिपणारी. दुसरी रॉकेलची, तिच्या उजेडात आमच्या वडीलधाऱ्यांनी परीक्षा दिल्या. आणि तिसरी गिरणगावातली, आभाळाला टेकू दिल्यासारखी उभी असलेली, काळा धूर ओकणारी. पहिल्या दोघींवर मराठीत पुष्कळ प्रेमाने लिहिले गेले आहे. तिसरीच्या वाट्याला आले ते बहुधा कामगारांच्या कवितांतून. पण तिच्या टोकाकडे डोळे लावून बसलेला एक सरकारी नोकर होता, त्याच्याविषयी मात्र कोणी फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. या लेखाचा नायक तोच आहे.

दिवाळी तोंडावर आली की हल्ली सरकारी माणसे फटाक्यांचा आवाज मोजायला निघतात, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत डेसिबलचे आकडे छापून येतात. आवाज मोजायला निदान यंत्र तरी आहे. धूर मोजायचा म्हणजे काय करायचे? तो हातात येत नाही, बाटलीत राहत नाही, आणि पंचनामा लिहीपर्यंत कुर्ल्याच्या पलीकडे निघून जातो.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. तिच्या आधी तीन वर्षे, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी धावली होती. वाफेची ही दोन्ही अपत्ये दगडी कोळसा खाऊन वाढली. विसावे शतक उजाडले तेव्हा मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या, आणि परळ-लालबागच्या चाळींत दोरीवर वाळत घातलेले धोतर संध्याकाळी काढताना पुन्हा झटकावे लागे. धुराबद्दल तक्रार करणाऱ्यांना तेव्हा सरळ उत्तर मिळे, की धूर म्हणजे भरभराट. ज्या दिवशी चिमणीतून धूर निघत नाही, त्या दिवशी चुलीतूनही निघत नाही! हे उत्तर खोटे होते असे नाही, आणि म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले.

या उत्तराला पहिला कायदेशीर शह विलायतेत बसला. कपडे धुण्याचा सोडा करणारे तिकडचे कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू हवेत सोडत आणि आसपासची शेते व झाडे करपून जात. शेते बड्या जमीनदारांची होती, म्हणून पार्लमेंटला लवकर जाग आली. १८६३ च्या कायद्याने कारखानदारांवर या वायूचा शेकडा ९५ भाग अडवून धरण्याची सक्ती केली आणि देखरेखीसाठी रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाला निरीक्षक नेमले. ‘आम्लयुक्त पाऊस’ हा शब्दप्रयोग जगाला देणारा माणूस तो हाच. स्मिथसाहेबाचा स्वभाव खटलेबाज नव्हता. कारखान्यात जावे, मालकाशी गोडीने बोलावे, नळ्या कशा बसवायच्या ते दाखवावे, आणि अगदीच इलाज चालेना तर कोर्टाची पायरी चढावी, अशी त्याची रीत. ही रीत पुढे साऱ्या इंग्रजी अमलात पसरली. तिचे गुण आणि दोष दोन्ही आपल्याकडे वारशाने आले.

हिंदुस्थानात धुराचा विचार आधी झाला तो कलकत्त्यात. १८६३ सालीच तेथे कायदा झाला होता, पण त्याने फारसे काही साधले नाही. ‘धुराचा उपद्रव’ म्हणजे नेमका किती धूर, हेच सिद्ध करता येत नसे. फिर्यादीचा साक्षीदार म्हणे ‘दाट काळा’, मालकाचा साक्षीदार म्हणे ‘हलका करडा’, आणि न्यायाधीशाने तो धूर पाहिलेलाच नसे. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत लीड्सहून ग्रोव्हर नावाचा तज्ज्ञ बोलावला गेला, त्याने पाहणी केली, आणि १९०५ साली बंगालचा धूर-उपद्रव कायदा झाला. त्याच्या मागोमाग, १९१२ साली, त्याच वळणावर मुंबई इलाख्याने आपला कायदा केला. दोन्हीकडे देखरेखीसाठी खास ‘धूर-उपद्रव आयोग’ नेमले गेले. मुंबईच्या आयोगात गिरणीमालक संघाचाही प्रतिनिधी बसे. ज्याची भट्टी तपासायची त्यालाच तपासणाऱ्यांच्या पंगतीत पाट मांडून द्यायचा, ही प्रथा तेव्हापासूनची आहे. मात्र तिला सरसकट नावे ठेवणेही बरोबर नाही; गिरणीची भट्टी आतून कशी चालते हे आयोगात ठाऊक असणार ते त्या एकट्या माणसालाच.

बंगालच्या कायद्यातले एक कलम वाचताना मला हसू आले होते. ‘भट्टी’ कशास म्हणावे याची व्याख्या करून झाल्यावर पुढे खुलासा आहे, की प्रेत जाळण्यासाठी पेटवलेली आग आणि खाजगी घरातली चूल या कायद्याच्या कक्षेत येणार नाहीत. सरकार तसे धोरणी! घरोघरच्या चुली आणि मसणवटा यांना हात घातला असता तर धुराऐवजी दंगलच मोजावी लागली असती. त्यामुळे पहाटे शेकडो शेगड्या एकदम पेटत आणि सारी वस्ती खोकत उठे, तो धूर कायद्याच्या हिशेबी नव्हताच. आणि तो सर्वांत जास्त बायकांच्याच छातीत जाई.

आता प्रश्न मोजण्याचा. तो सोडवला पॅरिसच्या एका प्राध्यापकाने. माक्सिमिलियाँ रिंगेलमान हा शेतकी यंत्रविद्येचा प्राध्यापक. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक अगदी साधी युक्ती काढली. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी काढायची. पहिल्या कागदावर रेघा बारीक, म्हणजे पाचव्या हिश्शाइतका भाग काळा. दुसऱ्यावर त्याहून जाड. असे करत चौथ्यावर पाचांतले चार हिस्से काळे. शून्य क्रमांकाचा कागद कोरा आणि पाचवा ठार काळा. हे कागद डोळ्यांसमोर पन्नासएक फुटांवर लावले की रेघा रेघा दिसत नाहीत, त्यांचा करडा रंग होतो. मग पलीकडच्या चिमणीचा धूर पाहायचा आणि तो कोणत्या कागदाशी जुळतो ते घड्याळ लावून लिहून ठेवायचे. कलकत्त्याच्या नियमांनी हीच पट्टी स्वीकारली: अमक्या क्रमांकाचा धूर अमुक मिनिटांपेक्षा जास्त निघाला की गुन्हा. ‘दाट काळा’ आणि ‘हलका करडा’ यांचे भांडण मिटले. निरीक्षकाच्या डोळ्याला आकडा बोलता येऊ लागला.

या रिंगेलमानची आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याला पुढे लागणार आहे. त्याला ओढकामाचाही नाद होता. त्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. एकटा माणूस जेवढा जोर लावतो, तेवढा तो चमूत लावत नाही, असे त्याला आढळले. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जोराच्या जेमतेम निम्मा भरला. मनुष्यस्वभावाचा हा नियम मानसशास्त्राच्या पुस्तकांत आजही त्याच्या नावाने सांगतात.

धूर-निरीक्षकाचे खरे काम भट्टीपाशी चाले. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. आगवाल्याने एकदम पाच-सहा फावडी कोळसा लोटला की विस्तव दबतो, हवा पुरेशी मिळत नाही, आणि कोळशातून सुटलेले वायू न जळताच चिमणीवाटे निघून जातात. थोडा थोडा कोळसा वारंवार, पसरून टाकला तर धूर कमी होतो आणि कोळसाही वाचतो. म्हणून निरीक्षक मालकाला सांगे, ‘शेटजी, हा आभाळात जातोय तो धूर नाही, तुमचा पैसा आहे.’ या युक्तिवादाइतका जोर दंडातही नव्हता. पण आगवाल्याची बाजूही पाहायला हवी. बारा तास भट्टीसमोर भाजणाऱ्या माणसाला ‘दर पाच मिनिटांनी एक फावडे टाक’ म्हणणे म्हणजे त्याचा श्वास टाकायचा वेळही काढून घेणे. एकदम भरपूर कोळसा लोटला की त्याला दाराबाहेर येऊन वारा खाता येई. मुंबईच्या धुरात या मिनिटभराच्या विसाव्याचाही वाटा होता, हे आयोगाच्या कागदांत कशाला येईल?

मुंबईच्या गिरण्यांचा धूर पुढे कमी झाला, हे खरे. पण त्याचे मोठे श्रेय आयोगाला देता येत नाही. ते घाटमाथ्यावरच्या पावसाला द्यावे लागते. लोणावळ्याकडे धरणे बांधून, ते पाणी खोपोलीला खाली सोडून टाटांनी वीज काढली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये ती मुंबईकडे येऊ लागली. एकेका गिरणीने वाफेचे इंजिन काढून विजेची मोटर बसवली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. गिरणगावाच्या आकाशाला थोडा निळा रंग परत मिळू लागला.

या निळ्या रंगाची किंमत कोणी दिली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विजेची मागणी वाढली, तशी टाटांची तिसरी योजना पुणे जिल्ह्यातल्या मुळशी खोऱ्यात आली. नीळा आणि मुळा यांच्या संगमावर धरण होणार होते आणि पन्नासच्या आसपास गावे त्याच्या फुगवट्याखाली जाणार होती. आंबेमोहोर तांदूळ पिकवणारी ती जमीन. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. तो १९२४ पर्यंत चालला, आणि पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी देऊन गेला. धरण झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

मला येथे खटकते ते असे. धूर-उपद्रव आयोग नेमणारे सरकार मुंबईचेच आणि भूसंपादनाच्या कायद्याने मुळशीची जमीन घेऊन देणारे सरकारही तेच. परळच्या चिमणीचा धूर हा ‘उपद्रव’ ठरला, आणि मुळशीची बुडालेली भातशेते हे ‘सार्वजनिक काम’. धुरासाठी रिंगेलमानचे कागद होते. गाव बुडाले की किती उपद्रव होतो हे मोजणारा कागद कोणी काढला नव्हता. टाटांनी वीज काढू नये असे मी म्हणत नाही. तिच्याच दिव्याखाली मी हे लिहीत आहे. पण शहराचे संरक्षण करताना उपद्रव नाहीसा झाला, की फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला गेला, हा प्रश्न मला मुंबईच्या सगळ्याच पुढच्या इतिहासात दिसतो.

स्वराज्यानंतर तुर्भ्याच्या बाजूला १९५४-५५ साली तेलशुद्धीचे कारखाने आले, पाठोपाठ औष्णिक वीज आणि खत. चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. डोंबिवली, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर असे कारखान्यांचे पट्टे मुंबईबाहेर उभे राहिले. धंदे वाढले, घरे वाढली, कोकणातून आणि देशावरून आलेल्या पोरांना नोकऱ्या लागल्या. आणि आता प्रश्न धुरापेक्षा पाण्याचा झाला. नाल्यातून उल्हास नदीत, काळू नदीत, खाडीत जाणाऱ्या रंगीत पाण्याला रिंगेलमानचे कागद उपयोगाचे नव्हते.

महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण-प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी त्यासाठी मंडळ स्थापन केले. केंद्राचा पाण्याचा कायदा १९७४ चा. म्हणजे या बाबतीत आपण दिल्लीच्या चार पावले पुढे होतो. (ओरिसा मात्र आपल्याही पुढे, नद्यांच्या प्रदूषणाचा कायदा त्यांनी १९५३ सालीच केला होता.) पुढे १९८१ साली महाराष्ट्राने केंद्राचा कायदा लागू करून घेतला, हवेचे कामही त्याच मंडळाकडे आले, आणि आज आपण ज्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणतो ते आकाराला आले.

या कायद्यात नमुना घेण्याचा विधी सांगितला आहे. तो सत्यनारायणाच्या पूजेइतका काटेकोर आहे. अधिकाऱ्याने नाल्यावर जावे, कारखान्याच्या माणसाला तेथल्या तेथे नोटीस द्यावी, त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत, दोन्ही पात्रांना मोहर करावी, त्यांवर दोघांनी सह्या कराव्यात. एक पात्र मंडळाच्या प्रयोगशाळेत जाते. कारखानदाराने मागणी केली तर दुसरे शासनाच्या प्रयोगशाळेत. कारखान्याचा माणूस मुद्दाम गैरहजर राहिला, तर त्याचाही वेगळा विधी आहे. आणि यातले काही चुकले, तर तो अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

हा विधी पाहून पुष्कळ लोक हसतात. नोटीस देईपर्यंत नाल्यातले पाणी कोठच्या कोठे गेलेले असते, असे म्हणतात. मला तसे हसवत नाही. विधी नसता तर कोणीही निरीक्षक कोणत्याही डबक्यातली बाटली भरून कोणाही लहान कारखानदाराच्या दारात उभा राहिला असता, आणि ती बाटली कशासाठी भरली हे सांगायची गरज नाही. खरी अडचण वेगळी आहे. विधी दिवसाउजेडी होतो, आणि उपद्रव होतो रात्री.

मी ज्या उपनगरात राहतो तेथे कारखाने आहेत. कोणते ते सांगण्यात अर्थ नाही. पाऊस पडू लागला की आणि मध्यरात्र उलटली की आमच्याकडे एक आंबूस, घसा धरणारा वास येतो. सोसायटीने एकदा लेखी तक्रार केली, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण अधिकारी आले. भले गृहस्थ. हवा स्वच्छ होती. ते म्हणाले, ‘काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण आता मी काय लिहू?’

मी म्हटले, ‘रात्री या ना, साहेब.’

ते म्हणाले, ‘किती रात्री? माझ्याकडे शेकडो कारखाने आहेत, आणि जीप एक.’

चहा घेऊन ते गेले. जाताना दर वेळी वास आला की तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहून ठेवायला सांगून गेले. आम्ही लिहू लागलो. आमच्या मजल्यावरच्या आजींच्या नोंदी सर्वांत नेटक्या असतात. त्यांना झोप कमी आहे.

कायद्याला खरे दात आले ते भोपाळनंतर. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे झाले, ते झाल्यावर १९८६ साली केंद्राचा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि हवा व पाणी या दोन्ही कायद्यांत दुरुस्त्या होऊन मंडळांना थेट आदेश काढण्याचा अधिकार मिळाला: कारखाना बंद करा, वीज तोडा, पाणी तोडा. त्यापूर्वी मंडळाला कोर्टात जाऊन वर्षानुवर्षे बसावे लागे. धूर-आयोगाच्या निरीक्षकाला असा अधिकार मिळाला असता तर त्याला स्वप्नात असल्यासारखे वाटले असते. अलीकडे वारे थोडे उलटे फिरले आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा आणि पर्यावरण या कायद्यांतल्या पुष्कळ गुन्ह्यांची कैद जाऊन तेथे दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा दंड आला. कैद कोणाला क्वचितच होई हे खरे. पण क्वचित होणाऱ्या गोष्टीची भीती वेगळी आणि हिशेबात धरता येणाऱ्या खर्चाची वेगळी.

आणि आता रिंगेलमानचा दोर. डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बारा माणसे गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथलाच एक रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहायला खुद्द मुख्यमंत्री गेले. २३ मे २०२४ रोजी पुन्हा स्फोट, पुन्हा मृत्यू. अशा प्रत्येक प्रसंगी दोराला किती हात लागलेले आहेत ते दिसते. सांडपाणी आणि वायू प्रदूषण मंडळाकडे. यंत्रे आणि कामगारांची सुरक्षितता औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे. बाष्पके बाष्पके संचालनालयाकडे. भूखंड, रस्ते आणि पाणीपुरवठा औद्योगिक महामंडळाकडे. शेजारची घरे महापालिकेकडे. प्रत्येक खात्यात आमच्याकडे आले तसे भले अधिकारी असतीलच. पण दोर ओढताना प्रत्येकाला वाटते की पुढचा ओढतोच आहे. १९१२ च्या आयोगाचे अधिकार थोडे होते, डोळाही अधू होता. पण धुराबद्दल विचारायचे तर कोणाला, हे परळच्या माणसाला ठाऊक होते.

डोंबिवलीचे धोकादायक रासायनिक कारखाने पाताळगंगेच्या औद्योगिक क्षेत्रात हलवायचे, असे सरकारने २०२२ साली जाहीर केले, आणि २०२४ च्या स्फोटानंतर स्थलांतराचा विषय पुन्हा निघाला. पाताळगंगा ही नदी उन्हाळ्यातही वाहते ती मुख्यतः खोपोलीच्या वीजघरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे. म्हणजे ज्या पाण्याने १९१५ पासून गिरणगावाचा धूर कमी केला, त्याच पाण्यामुळे. खाली रसायनीच्या बाजूला ते पाणी कारखानेही उचलतात आणि वस्त्यांच्या नळांनाही तेच येते. मंडळाची माणसे शिळफाटा, सावरोली आणि तुराडे येथे उतरून त्याचे नमुने घेतात.